वारा, लाटा आणि वल्ह्याची नौका

‘कट्टुमरम’ हा तमिळ शब्द ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड या दोन शब्दांपासून बनला आहे. हलक्या लाकडाचे तीन ते सात ओंडके काथ्याच्या दोराने एकमेकांना घट्ट बांधले की कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्याची नौका तयार होते. दिवसाचे काम आटोपल्यावर दोर सोडतात आणि ओंडके वाळूवर वाळत टाकतात. युरोपियनांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो दोन धडे जोडून केलेल्या नौकांना लावला; मूळ कट्टुमरमशी त्या नौकांचे काहीच नाते नाही. कट्टुमरमला पोकळी नसते. त्यामुळे पाणी भरून ती बुडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लाट वरून निघून जाते, पाणी ओंडक्यांमधल्या फटींतून ओघळते आणि माणूस भिजलेल्या अंगाने पुन्हा वल्हे मारू लागतो. मद्रास प्रांताच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय नौकांच्या रचनेवर विस्ताराने लिहिले. त्यांच्या नंतरच्या काळात, विशेषतः २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, लाकडी ओंडक्यांची जागा काचतंतूंच्या नौकांनी फार मोठ्या प्रमाणावर घेतली. तरी तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यांवर एकट्यादुकट्या माणसाने लहान नौकेतून मासेमारीला जाण्याची रीत अजून मोडलेली नाही.

अलीकडे या कुटुंबात एक नवा सदस्य दाखल झाला आहे. उत्तर ध्रुवाजवळील इन्युइट लोकांची कातडी नौका, म्हणजे कयाक, आता प्लॅस्टिकच्या साच्यात घडवली जाते. गोवा, केरळ, अंदमान येथील किनाऱ्यांवर हौशी गळकरी तिच्यावर बसून मासे धरताना दिसतात. तिच्या ज्या प्रकारात माणूस नौकेच्या आत न बसता वर बसतो, तो प्रकार वागणुकीत कट्टुमरमचा जवळचा नातलग ठरतो. वर आलेले पाणी तळापर्यंत आरपार गेलेल्या छिद्रांवाटे आपोआप निघून जाते. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. कयाक आतून पोकळ असते. तिच्या झाकणाची कड नीट बसली नसेल किंवा तळाला बारीक चीर गेली असेल, तर पाणी आत साचत राहते आणि वर बसलेल्याला बराच वेळ त्याचा पत्ता लागत नाही. नौका जड वाटू लागते, वळताना आतले पाणी एका बाजूला धावते आणि तिचा तोल एकाएकी जातो. कट्टुमरम वापरणाऱ्याला ही भीती कधीच नव्हती.

या दोन्ही नौकांना बळ पुरवणारे साधन एकच, ते म्हणजे माणसाचे हात. (कट्टुमरमला शीडही असते, परंतु वारा प्रतिकूल झाला की शिडाचा आधार कमी होतो आणि अखेर वल्ह्यावरच भिस्त ठेवावी लागते.) हवामानाच्या धोक्याचा विचार या एका गोष्टीपासून सुरू केला पाहिजे. वल्हे मारणारा निरोगी माणूस शांत पाण्यात ताशी पाच-सहा किलोमीटर वेगाने जातो. त्याच्या संरक्षणाची सारी मर्यादा याच आकड्यात सामावलेली आहे.

सामान्य माणूस समुद्राकडे पाहतो तेव्हा लाटांना भितो, पावसाला भितो, विजेला भितो. ही भीती अनाठायी नाही. परंतु लहान नौकेचा पहिला शत्रू वारा होय, आणि त्यातही जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. त्याचा धोका अधिक, कारण तो दिसत नाही. लाट तयार व्हायची तर वाऱ्याला पाण्यावरून काही अंतर वाहावे लागते. वारा जमिनीवरून येत असेल तर किनाऱ्यालगत हे अंतर शून्य असते. साहजिकच किनाऱ्यावर उभ्या असलेल्याला समुद्र एखाद्या तळ्यासारखा गुळगुळीत दिसतो. मागे नारळाची झाडे आणि घरे असतील तर वाराही अंगाला फारसा जाणवत नाही. माणूस उत्साहाने निघतो. वारा पाठीशी असल्याने नौका सरसर जाते आणि आपण फार चांगले वल्हे मारीत आहोत असा भ्रम होतो. तीन किलोमीटरचे अंतर अर्ध्या तासात कापले जाते. तेथे पोहोचल्यावर नौका वळवली की वारा तोंडावर येतो. तो ताशी पंचवीस किलोमीटर असेल तर वल्ह्याचा वेग ताशी दोन किलोमीटरवर, कधी त्याहूनही खाली येतो. म्हणजे परतीला निदान दीड तास लागणार, आणि तोही एक क्षण न थांबता. पाणी पिण्यासाठी वल्हे खाली ठेवले की नौका पुन्हा मागे जाते. दमलेल्या माणसाचा वेग दर क्वार्टर तासाला घटत जातो, आणि पुढे असा एक बिंदू येतो की वल्हे मारूनही किनारा दूरच जात राहतो.

यामागचे गणित सोपे आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा वीस झाला तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तीस झाला तर नऊपट. ‘थोडा वाढला आहे’ असे म्हणून वाऱ्याला उडवून लावणे म्हणूनच घातक ठरते.

वाऱ्याच्या दैनंदिन वागणुकीची ओळख किनाऱ्यावरच्या माणसांना फार पूर्वीपासून आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा जमिनीकडे धाव घेते. रात्री क्रम उलटा होतो. आपल्याकडे या दोन वाऱ्यांना खारे वारे आणि मतलई वारे अशी नावे आहेत. शालेय भूगोलात ती पाठ करून आपण विसरून जातो, पण कोळ्याच्या दृष्टीने ते येण्याजाण्याचे वेळापत्रकच आहे. कोरोमंडलवरील कट्टुमरम पहाटेपूर्वी मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर शीड उभारून घरी येत. जाताना पाठीशी वारा, येतानाही पाठीशी वारा! तमिळ कोळी प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला वेगळे नाव देतात: उत्तरेचा तो ‘वाडै’, दक्षिणेचा ‘तेन्ड्रल’, पूर्वेचा ‘कोंडल’, पश्चिमेचा ‘कच्चान’. ‘आज वारा आहे’ एवढेच तेथे कोणी म्हणत नाही. कोणता वारा, हे सांगितल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही.

हे वेळापत्रक वर्षभर सारखे राहत नाही, आणि नवख्याची फसगत नेमकी येथे होते. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत कोरोमंडल किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा प्रबळ असतो. तेथे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि त्याच्या जोरामुळे खारा वारा उशिरा येतो किंवा एखाद्या दिवशी येतच नाही. खाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर दूर गेलेल्याला मग केवळ हाताच्या बळावर परतावे लागते. कन्याकुमारी जिल्ह्यात पश्चिम घाटाची रांग संपता संपता अरल्वायमोळीची खिंड आहे. या खिंडीतून वारा इतक्या जोराने घुसतो की तिच्या मुखाशी मुप्पंदल येथे पवनचक्क्यांचे मोठे क्षेत्र उभे राहिले. वीज निर्माण करणारा तो वारा पवनचक्क्यांपाशी थांबत नाही, पुढे समुद्रावर जातो. नकाशावर डोंगरातील खिंडी कोठे आहेत हे पाहण्याची सवय समुद्रावर जाणाऱ्यानेही लावून घ्यावी, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल, पण त्यात तथ्य आहे. बंगाल आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर मार्च ते मे या काळात ‘कालबैशाखी’ची गडगडाटी वादळे वायव्येकडून येतात. तीही जमिनीकडूनच येतात आणि सापडेल ती लहान नौका खोल समुद्राकडे लोटतात.

अशा परिस्थितीत साधा उपाय असा की, निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर वल्हे मारीत जावे. जाण्याचा भाग कष्टाचा होतो, परंतु येताना वारा मदतीला असतो. शिवाय आपल्या बळाचे तीन भाग कल्पून एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखून ठेवावा. वारा जमिनीकडून असेल आणि तो ताशी पंधरा किलोमीटरच्या वर गेलेला असेल, तर कयाकवाल्याने त्या दिवशी पुळणीलगतच राहावे किंवा नौका बाहेरच काढू नये.

वाऱ्याचा वेग मोजायला उपकरण हवेच असे नाही. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी तयार केली, ती पुढे समुद्राच्या रूपावरून वारा ओळखण्याची सर्वमान्य रीत बनली. पाण्यावर कोठे कोठे पांढरी फेसाळ शिखरे दिसू लागली की वारा तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे असे समजावे. अशी शिखरे बरीच आणि सर्वत्र दिसू लागली की तो चौथ्या श्रेणीत, म्हणजे २० ते २८ किलोमीटरवर पोहोचला. वल्ह्याच्या नौकेचे सुखाचे दिवस तिसऱ्या श्रेणीबरोबर संपतात. चौथीत कसलेल्या माणसाचीही कसोटी लागते. मात्र ही शिखरे किनाऱ्यालगत शोधू नयेत, दूर क्षितिजाकडे पाहावे. कारण वर सांगितल्याप्रमाणे जमिनीचा वारा जवळचे पाणी गुळगुळीतच ठेवतो. क्षितिजाची रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसत असेल तर तेथे मोठ्या लाटा आहेत हे निश्चित.

आता हवामानखात्याच्या इशाऱ्यांकडे वळू. १८६४ साली कलकत्त्याला एका भीषण चक्रीवादळाने झोडपले. त्यानंतर १८६५ मध्ये त्या बंदरात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामानखाते स्थापन झाले. बंदरांवर दिवसा शंकू व नळकांडी आणि रात्री दिवे टांगून सूचना देण्याची पद्धत तेव्हापासून विकसित होत गेली. तिच्यात एकंदर अकरा क्रमांक आहेत. पहिले दोन दूरच्या वादळाविषयी, तिसरा आणि चौथा खुद्द बंदराला सावध करणारे, पुढचे धोक्याचे व महाधोक्याचे. अकराव्याचा अर्थ मोठा विलक्षण आहे: हवामानखात्याशी संपर्क तुटला आहे! कोकणातील वाचकांना ‘तीन नंबरचा बावटा’ परिचित असेलच. बंदराला चंडवाताचा, म्हणजे अचानक उठणाऱ्या जोरदार वाऱ्यांचा धोका आहे, असे तो सांगतो.

मच्छीमारांना समुद्रावर न जाण्याचा जो इशारा खाते देते, त्याचा एक प्रमुख निकष म्हणजे वारा ताशी ४५ किलोमीटरहून अधिक असण्याची शक्यता. हा आकडा नीट लक्षात घेतला पाहिजे. बोफर्टच्या श्रेणीत तो सहाव्या पायरीवर येतो. यंत्रावर चालणाऱ्या नौकेला तो निकष योग्य असेल, परंतु वल्ह्याच्या नौकेची मर्यादा त्याच्या निम्म्यावरच संपलेली असते. तेव्हा ‘आज इशारा नाही’ याचा अर्थ ‘आज आपल्याला धोका नाही’ असा घेता येत नाही. लहान नौकेवाल्याने इशारा आहे की नाही एवढेच न पाहता प्रत्यक्ष अंदाजातील आकडे पाहावेत: वाऱ्याचा वेग, त्याची दिशा, आणि त्या दोहोंत दिवसाच्या कोणत्या वेळी बदल होणार आहे ते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ पासून कार्यरत असून, ते किनारपट्टीनिहाय वारा, लाटा आणि प्रवाह यांचे अंदाज प्रसिद्ध करते. लहान नौका उलटण्याची शक्यता कोठे व केव्हा अधिक आहे, याविषयी वेगळी सूचनाही ते देऊ लागले आहे. लाटांचा उभेपणा, त्यांच्या दिशांचा विस्कळीतपणा आणि वाऱ्याची झपाट्याने होणारी वाढ यांवरून हा अंदाज बांधला जातो. नुसत्या उंचीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा तो अधिक उपयोगी आहे, कारण लांब पसरट दोन मीटरची लाट नौकेला अलगद उचलून खाली ठेवते, तर एक मीटरची उभी लाट तिला पालथी करते.

अंदाजात दिलेली लाटेची उंचीही समजून वाचावी लागते. ती सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. अंदाज एक मीटर सांगत असेल, तर काही तासांच्या अवधीत जवळजवळ दोन मीटरची एखादी लाट येणारच, असे धरून चालावे.

इशारा आणि निर्णय यांच्यातील अंतर किती जीवघेणे असू शकते, हे २०१७ साली ‘ओखी’ या चक्रीवादळाने दाखवून दिले. (हे नाव बांगलादेशाने सुचवलेले असून त्याचा अर्थ ‘डोळा’ असा आहे.) २९ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या दक्षिणेकडील भागाजवळ कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कन्याकुमारीजवळ त्याचे चक्रीवादळात रूपांतर झाले. सर्वसाधारणपणे वादळ दूर समुद्रात जन्मते आणि किनाऱ्याकडे येते, त्यामुळे तयारीला दोन-तीन दिवस मिळतात. येथे ते किनाऱ्याच्या दाराशीच तयार झाले. जोरदार वाऱ्यांच्या सूचना आधी दिल्या गेल्या होत्या, परंतु ‘चक्रीवादळ’ हा शब्द ३० तारखेलाच उच्चारला गेला. तोपर्यंत कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम जिल्ह्यांतील असंख्य नौका नेहमीप्रमाणे बाहेर पडल्या होत्या. कित्येक तर त्यापूर्वीच खोल समुद्रात गेल्या होत्या, जेथे भ्रमणध्वनी पोहोचत नाही. तीनशेहून अधिक मच्छीमार मृत्यू पावले किंवा कायमचे बेपत्ता झाले. साठांहून अधिक नौका वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या आणि सुमारे साडेनऊशे माणसांना तेथे आसरा मिळाला.

या दुर्घटनेनंतर सूचनांच्या भाषेविषयी आणि त्या पोहोचवण्याच्या साधनांविषयी बरीच चर्चा झाली. २०१९ मध्ये उपग्रहामार्फत समुद्रावरील नौकेला सूचना पोहोचवणारे उपकरणही तयार करण्यात आले. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्नाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. हवामानखाते ‘समुद्रावर जाऊ नका’ असे म्हणते तेव्हा कोळ्याच्या कानांना ‘आज कमाई नाही’ असे ऐकू येते. नौकेवर कर्ज असते, हंगाम थोडा असतो. इशारा दिला आणि वादळ आले नाही, असे चार वेळा घडले की पाचव्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होते. त्यात भर अशी की, मासळीच्या विणीच्या काळात लागू होणाऱ्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीतून बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना सूट असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिलपासून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून लागू होते. गरिबांच्या पोटाचा विचार करून दिलेली ही सूट न्याय्य आहे यात शंका नाही. तथापि तिचा परिणाम असा होतो की पश्चिम किनाऱ्यावर ऐन पावसाळ्यात मोठ्या नौका बंदरात नांगरलेल्या असतात आणि सर्वांत लहान नौका समुद्रावर असतात. हौसेने कयाक घेऊन जाणाऱ्याच्या मागे असे काहीच नसते, म्हणून त्याने तरी शंकेचा फायदा समुद्राला द्यावा.

चक्रीवादळाची पूर्वचिन्हे ओळखण्याचे शास्त्र बऱ्याच अंशी आपल्याच देशात घडले. ‘सायक्लोन’ हा शब्दच कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात रूढ केला. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते, हा नियम आजही उपयोगाचा आहे. वायुभारमापकाचेही तसेच आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. ही लय इतकी नियमित असते की दाब वाढायला हवा त्या सकाळच्या वेळी तो उतरू लागला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजून परत फिरावे. आता मनगटी घड्याळांतही असा मापक बसवलेला असतो, पण त्याच्याकडे पाहणारे थोडे.

चिन्हे आकाशात जशी असतात तशी पाण्यातही असतात. वारा नसताना एखाद्या दिवशी वेगळ्याच दिशेने लांब, संथ लाटा येऊ लागल्या, तर त्या कोठेतरी दूर वादळ असल्याचा निरोप घेऊन आलेल्या असतात. केरळात याचे टोकाचे उदाहरण पाहावयास मिळते. एप्रिल-मे महिन्यांत, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, समुद्र अचानक चढून वस्तीत शिरतो. तेथील कोळी याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र म्हणतात. आणि २०१२ मध्ये युनेस्कोने ही संज्ञा शास्त्रीय वापरासाठी स्वीकारली. या लाटांचा उगम दक्षिण हिंदी महासागरातील वादळांत, विषुववृत्तापासून चार-पाच हजार किलोमीटरवर असतो. अठरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात अर्धा किलोमीटर असते आणि तिची ऊर्जा ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने पुढे सरकते. म्हणजे ती आपल्या किनाऱ्याला पोहोचायला चार-पाच दिवस घेते. खोल समुद्रावर बसलेल्याला तिची जाणीवही होत नाही. उथळ पाण्यात मात्र ती उंच होते आणि फुटते. म्हणून अंदाज वाचताना उंचीइतकेच दोन लाटांमधील सेकंदांकडे लक्ष द्यावे. एक मीटर उंचीची सहा सेकंदांची लाट आणि एक मीटर उंचीची सोळा सेकंदांची लाट यांत किनाऱ्यावर उतरताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वस्तुतः लहान नौकेला अपघात होण्याचा मोठा संभव खोल समुद्रापेक्षा या उतरण्याच्या क्षणीच असतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. पुळण उभ्या उताराची असेल तर ती एकदम कोसळते. कोरोमंडल किनाऱ्यावर अशा फुटणाऱ्या लाटांचा पट्टा इतका अवघड होता की मद्रासला बंदर बांधले जाण्यापूर्वी जहाजांवरील माणसे व माल मसुला नावाच्या, फळ्या दोराने शिवलेल्या नौकांतून किनाऱ्यावर आणावा लागे. तो पट्टा ओलांडण्याची कट्टुमरमवाल्यांची रीत आजही अनुकरणीय आहे. लाटा सारख्या नसतात. काही मोठ्या लाटांचा एक गट येतो आणि मग थोडी उसंत मिळते. जाणकार माणूस पट्ट्याच्या बाहेर थांबून दोन-तीन गट जाऊ देतो, शेवटची मोठी लाट गेली की तिच्या पाठीवरून किनाऱ्याकडे निघतो, आणि नौका काही झाले तरी लाटेला आडवी होऊ देत नाही. ती आडवी झालीच तर त्याने समुद्राच्या बाजूला उडी मारावी. किनाऱ्याच्या बाजूला पडल्यास लाट नौकेला उचलून त्याच माणसावर आपटते. खाडीच्या मुखातून आत येताना ओहोटी टाळावी. बाहेर वाहणारा प्रवाह आत येणाऱ्या लाटांना भिडला की त्या आखूड व उभ्या होतात, आणि तासाभरापूर्वी निर्धोक असलेले मुख ओळखू येईनासे होते.

विजेविषयी थोडक्यात सांगायचे तर, सपाट समुद्रावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे नौकेतील माणूस, आणि त्याच्याहून उंच त्याची गळाची काठी. कार्बनतंतूंची काठी वीजवाहक असते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा काठ्या आडव्या करून किनारा गाठावा. वास्तविक इतका वेळ थांबूच नये. काळ्या ढगाच्या पायथ्याकडून एकाएकी गार झुळूक आली की चंडवात काही मिनिटांवर आला आहे असे समजावे.

साधनांच्या बाबतीत लांबलचक याद्या देण्याची प्रथा आहे, पण त्यांतील दोन-तीन गोष्टींवरच जीव अवलंबून असतो. जीवरक्षक जाकीट अंगात घातलेले असावे. नौकेला बांधून ठेवलेले जाकीट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. पोहता येते म्हणून ते नको, हा युक्तिवाद टिकत नाही. रिकामी झालेली हलकी कयाक वाऱ्यावर इतक्या वेगाने वाहते की उत्तम पोहणाऱ्यालाही ती गाठणे कठीण जाते. याच कारणासाठी वल्हे नौकेला दोरीने जोडलेले असावे, आणि माणसानेही नौकेशी दोरीने जोडलेले राहावे. मात्र फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात ती दोरी सोडावी, नाहीतर नौका माणसाला फरपटत नेईल. दोर तोडायला हाताशी सुरी हवी. नांगराचा दोर नौकेच्या मधोमध बांधू नये. नाळेला किंवा वरामाला, म्हणजे पुढच्या वा मागच्या टोकालाच बांधावा. मध्ये बांधलेला नांगर प्रवाहात नौकेला आडवी धरतो आणि पाहता पाहता पालथी करतो. उलटलेली नौका सरळ करून पुन्हा वर चढण्याचा सराव कमरेएवढ्या पाण्यात आधीच, वारंवार केलेला असावा. आपल्या समुद्राचे पाणी उबदार असल्याने थंडीने तत्काळ अंग काकडत नाही, परंतु ऊन आणि तहान यांनी येणारा थकवा त्या मानाने लवकर गाठतो. दमलेल्या माणसाला पाचव्या प्रयत्नात वर चढता येत नाही.

एक व्यवस्था मात्र समुद्रावर नव्हे, किनाऱ्यावर करावयाची असते. कोठून निघालो, कोणत्या दिशेला जाणार, नौकेचा व जाकिटाचा रंग कोणता आणि किती वाजता परतणार, हे घरच्या एखाद्या माणसाला लिहून द्यावे, आणि ती वेळ टळल्यावर किती वेळ वाट पाहायची हेही ठरवून ठेवावे. तटरक्षक दलाचा शोध व बचावकार्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. शोध घेणाऱ्यांना सर्वप्रथम निघण्याची वेळ आणि जागा हवी असते, कारण त्या दोन गोष्टी आणि त्या दिवसाचा वारा व प्रवाह यांवरूनच नौका कोठवर वाहत गेली असेल याचा हिशेब मांडला जातो. वेळ जितका जातो तितके शोधाचे क्षेत्र पसरत जाते. वेळ टळून अर्धा तास झाला की क्रमांक फिरवायचा असे ठरले असेल, तर अर्ध्या तासाने तो फिरवावा. माणूस मागाहून हसत हसत परत आला तरी हरकत नाही.